किती पाऊस झाला की दरड सुटते? घाटातल्या वाडीवर बसून करायचा हिशेब

२५ जुलै २०२४ ची सकाळ पुणेकरांच्या लक्षात आहे ती सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीतल्या पाण्यामुळे. त्या २४ तासांत शिवाजीनगरला सुमारे ११४ मिलिमीटर पाऊस झाला आणि शहर हबकलं. त्याच २४ तासांत ताम्हिणीत साडेपाचशे मिलिमीटरच्या वर पाऊस नोंदला गेला. जिल्हा एक, दिवस एक, आकड्यात जवळजवळ पाचपट फरक.

माझं आजोळ वेल्ह्याच्या पलीकडे, डोंगराच्या कुशीतल्या एका वाडीत आहे. त्या सकाळी मामांना फोन लावला. ते म्हणाले, "तुमच्या टीव्हीवर एकशे चौदा सांगत्यात. हितं माझी अंगणातली बादली रात्रीत तीनदा भरली. आता तूच सांग, आम्ही थांबायचं का निघायचं?"

मला उत्तर देता आलं नाही. पुण्याचा आकडा त्यांच्या कामाचा नव्हता आणि बादलीचा आकडा कुणाच्याच कामाचा नव्हता, कारण बादली वर रुंद, खाली अरुंद. त्या दिवसानंतर आम्ही दोघांनी मिळून जी पद्धत बसवली, ती इथे सविस्तर देतो आहे. मावळ, मुळशी, वेल्हे, भोर, आंबेगाव, जुन्नर अशा कुठल्याही डोंगराळ भागात ज्यांचं घर किंवा आजोळ आहे, त्यांना ती जशीच्या तशी वापरता येईल.

आधी आकड्याचं उत्तर

दरड कोसळायला किती पाऊस लागतो, याचं जगभर वापरलं जाणारं एक जुनं सूत्र आहे. नेल केन या भूवैज्ञानिकाने १९८० मध्ये ठिकठिकाणच्या दरडी आणि त्या वेळचा पाऊस एकत्र मांडला आणि ज्याच्या खाली उथळ दरडी सहसा दिसत नाहीत अशी एक किमान रेघ काढली. त्या सूत्रावरून हिशेब केला तर आकडे असे येतात: ६ तासांत ४४ मिमी, १२ तासांत ६७, २४ तासांत १०३, ४८ तासांत १५७ आणि ७२ तासांत २०१ मिमी.

घाटातला माणूस हे वाचून म्हणेल की असा पाऊस तर आमच्याकडे जुलैत दर आठवड्याला पडतो. ते खरंच आहे. ही रेघ साऱ्या जगाची मिळून काढलेली किमान रेघ आहे. ती ओलांडली की दरड येतेच असं नाही; तिच्या खाली असाल तर शक्यता कमी, एवढंच ती सांगते. जिथे मुळातच पाऊस जास्त, तिथले ओढे आणि उतार त्या पावसाला सरावलेले असतात. म्हणून नंतरच्या अभ्यासकांनी पाऊस त्या जागेच्या वार्षिक सरासरीच्या तुलनेत मोजायला सुरुवात केली. हाँगकाँगमध्ये तासाला ७० मिमीच्या आसपास पाऊस झाला की दरडींची संख्या एकदम वाढते, असं तिथल्या अनेक वर्षांच्या नोंदींवरून दिसलं. तो आकडा तिथल्या मातीचा आहे, सह्याद्रीचा नाही.

आपल्याकडचे आकडे बघा. आंबेगाव तालुक्यातलं माळीण ३० जुलै २०१४ च्या सकाळी गाडलं गेलं, दीडशेहून अधिक माणसं गेली. आदल्या दिवशी तिथे सुमारे १०८ मिमी पाऊस झाला होता आणि त्या दिवशीही तो चालूच होता. खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड आली, त्याआधीच्या तीन दिवसांत तिथे सुमारे ५०० मिमी पाऊस झाला होता. महाड तालुक्यातलं तळिये २२ जुलै २०२१ ला गेलं, तेव्हा घाटमाथ्यावर महाबळेश्वरात एका दिवसात ५९४ मिमीपर्यंत पाऊस पोचला होता.

एकीकडे दिवसाला शंभरच्या वर, दुसरीकडे तीन दिवसांत पाचशे. इतकी तफावत असताना "अमुक मिलिमीटरला दरड" असं कुणी छातीठोक सांगत असेल तर त्याच्यावर विसंबू नका. आज किती पडला हा प्रश्न अर्धाच आहे. डोंगराच्या पोटात आधीचं किती आहे, हा उरलेला अर्धा. आणि तो आपल्यालाच मोजावा लागतो.

पोटात पाणी गेल्यावर होतं काय

बांधकामावर वाळूचा ढीग पाहिला असेल. थोडी ओलसर वाळू असली की ढिगाच्या कडा उभ्या राहतात. दोन बादल्या पाणी ओता, तोच ढीग पसरतो. ओलसर असताना कणांमधलं थोडंसं पाणी कणांना एकमेकांकडे ओढून धरतं. सगळ्या फटी पाण्याने भरल्या की ती ओढ संपते, उलट पाणीच कणांना एकमेकांपासून उचलायला लागतं आणि घर्षण कमी होतं.

आपल्या डोंगरांची रचना याला आणखी मदत करते. सह्याद्री म्हणजे लाव्ह्याचे एकावर एक आडवे थर. वर माती, तिच्याखाली मुरूम, त्याखाली काळा कातळ. दोन थरांच्या मध्ये बऱ्याच ठिकाणी तांबड्या, चिकणमातीसारख्या मऊ दगडाचा पट्टा असतो. पाणी माती-मुरुमातून झरझर खाली जातं, कातळाशी अडतं आणि त्या सांध्यावर साचून राहतं. वरचा सगळा ओला थर मग साबण लावल्यासारखा त्या सांध्यावर बसलेला असतो.

वजनही वाढतं. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. उतारावरच्या मातीने २०० मिमी पाणी धरून ठेवलं, तर एका गुंठ्यावर वीस टन वाढले. दहा हजार लिटरचे दोन भरलेले टँकर प्रत्येक गुंठ्यावर उभे केल्यासारखं.

पहिली पायरी: स्वतःचा पर्जन्यमापक

हार्डवेअरच्या दुकानातून चार इंची पीव्हीसी पाइपचा दोन फुटांचा तुकडा, त्याच मापाचं टोपण आणि चिकटवायचं सोल्युशन आणा. खर्च किरकोळ आहे. पाइप वरपासून खालपर्यंत सारख्या रुंदीचा असल्यामुळे आत जितकी उंची पाणी साचेल तितका पाऊस, कसलंही गणित नाही. बादली, हंडा, पातेलं इथेच फसवतात. दोन फुटांचाच पाइप घ्या. आम्ही आधी स्टीलचा उभा डबा लावला होता, तो एका रात्री भरून वाहिला आणि त्या हंगामातल्या सगळ्यात मोठ्या पावसाचा आकडा हातचा गेला.

टोपणाचा तळ गोलसर असेल तर आत थोडं सिमेंट ओतून तो सपाट करा, म्हणजे शून्य शून्यावर राहील. वरची कड सरळ कापलेली हवी. पाइप लाकडी खांबाला घट्ट बांधा, तोंड आडव्या पातळीत ठेवा आणि जमिनीपासून निदान फूटभर उंच, नाहीतर उडालेले शिंतोडे आत जातात. जागा मोकळी हवी: जवळचं झाड किंवा घर जितकं उंच असेल, त्याच्या दुप्पट अंतर सोडा. पागोळ्यांखाली तर अजिबात नको.

मोजायला बारीक पट्टी किंवा बांबूची कामटी घ्या आणि तिच्यावर मिलिमीटरच्या खुणा करा. रोज सकाळी साडेआठला मोजा, लिहा, पाइप रिकामा करा. साडेआठच का, तर हवामान विभागाचा दिवसही साडेआठलाच संपतो. आपला आकडा त्यांच्या आकड्याशेजारी ठेवता येतो. पावसाचा जोर असेल तेव्हा दुपारी चारला आणि रात्री झोपण्याआधीही बघा, पण तेव्हा पाइप ओतू नका, नुसती नोंद करा.

हे काम शाळेतल्या मुलांना द्यावं असं माझं मत आहे. मामांच्या वाडीत सातवीतली एक मुलगी ही वही ठेवते. तिच्या नोंदीत खाडे नाहीत, मामांच्या नोंदीत होते.

गावकऱ्यांनी मोजलेल्या पावसाला किंमत असते का, अशी शंका कुणाला असेल तर केरळात वायनाडकडे पाहा. तिथे कल्पेट्टा इथल्या ह्यूम सेंटरने शेतकरी आणि स्वयंसेवकांच्या मदतीने जिल्हाभर साधे पर्जन्यमापक बसवले आहेत. ३० जुलै २०२४ च्या पहाटे मुंडक्कई आणि चूरलमला ही गावं दरडीत वाहून गेली, त्याच्या आदल्याच दिवशी त्यांनी या नोंदींवरून प्रशासनाला धोका कळवला होता. महागड्या यंत्रांचं ते काम नव्हतं, रोज कुणीतरी उठून मोजत होतं.

दुसरी पायरी: तीन बेरजा

वहीत रोज तीन आकडे लिहायचे. पहिला, गेल्या २४ तासांचा. दुसरा, गेल्या तीन दिवसांची बेरीज. तिसऱ्याला आम्ही "पोटातला आकडा" म्हणतो. त्याची रीत अशी: कालचा पोटातला आकडा घ्या, त्यातून दहावा हिस्सा वजा करा (तेवढं पाणी झिरपून, वाहून गेलं असं धरायचं) आणि आजचा पाऊस मिळवा.

सहा दिवसांचं उदाहरण करून दाखवतो. समजा सुरुवात शून्यापासून आहे आणि पाऊस अनुक्रमे ४०, ८५, १२०, ६०, १५ आणि ११० मिमी पडला. पहिल्या दिवशी पोटात ४०. दुसऱ्या दिवशी ४० चे ३६ राहिले, अधिक ८५, म्हणजे १२१. तिसऱ्या दिवशी १०९ अधिक १२०, म्हणजे २२९. चौथ्या दिवशी २६६. पाचव्या दिवशी पाऊस जवळपास थांबला, फक्त १५ मिमी, तरी आकडा २५४. सहाव्या दिवशी ११० मिमी पडला आणि पोटात झाले ३३९.

जूनच्या पहिल्या आठवड्यात कोरड्या डोंगरावर ११० मिमी पडला असता तर पोटातला आकडा ११०च राहिला असता. पाऊस तितकाच, पण धोक्यात जमीन-अस्मानाचा फरक. पाचव्या दिवसाची उघडीपही नीट बघा. आपल्याला वाटतं पाऊस सरला. डोंगराला तसं वाटत नाही.

दहावा हिस्सा हे ढोबळ माप आहे. पातळ, खडकाळ मातीतून पाणी लवकर निघून जातं, तिथे सातवा-सहावा हिस्सा वजा करणं जास्त बरोबर. जाड, चिकण मातीच्या उतारावर दहावाच ठेवा. जपानचा हवामान विभाग याच कल्पनेची पुढची आवृत्ती वापरतो: जमीन म्हणजे एकाखाली एक ठेवलेल्या टाक्या, वरून पाऊस भरतो, बाजूने आणि खालून गळतो, आणि टाक्यांत किती साठलं त्यावरून दरडीचा इशारा निघतो.

पूर्ण हंगामाची बेरीज मात्र यात कुठेच येत नाही, आणि येऊ देऊ नका. "यंदा पाऊस कमीच आहे" हे वाक्य घातक आहे. २०१४ चा जून देशभर कोरडा गेला होता, सरासरीपेक्षा ४० टक्क्यांहून जास्त तूट होती. जुलैअखेर माळीण घडलंच. कोरड्या जूनमध्ये माती भेगाळते, आणि नंतरचा जोराचा पाऊस त्या भेगांतून थेट खोल उतरतो.

तिसरी पायरी: आपला उतार ओळखा

हे काम मे महिन्यात करायचं, करवंदं काढायला डोंगरावर जाता तेव्हाच.

उताराचा कोन मोजायला कोनमापक, दोरा आणि एक नट पुरतो, किंवा मोबाइलमधलं कोन दाखवणारं अ‍ॅप. २५ अंशांच्या वरचा, माती असलेला उतार संशयास्पद धरा. मग घराच्या अंगणात उभे राहा आणि डोंगराच्या माथ्याकडे पाहत तो कोन मोजा. हा कोन २० अंशांहून जास्त भरला तर सुटलेली दरड घरापर्यंत पोचू शकते असं समजून चला. ही अंदाजाची रेघ आहे, हमी नाही. चिखलाचा लोंढा ओढ्यातून यापेक्षाही लांब जातो.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे घर नक्की कुठे आहे. डोंगरावरून उतरणारी नाळ किंवा ओढा जिथे सपाटीला येतो त्या तोंडाशी, पंख्यासारख्या पसरलेल्या दगडमातीवर घरं असतील, तर ती जागा आधीच्या दरडींनीच तयार केलेली असते. जमीन सपाट, पाणी जवळ, माती चांगली, म्हणून माणूस तिथेच घर बांधतो. विहीर खणताना खाली मातीत वेडेवाकडे मोठे दगड मिसळलेले निघाले होते का, हे म्हाताऱ्या माणसांना विचारा.

नंतर उतारावर माणसाने काय केलंय ते बघा. नवा रस्ता काढताना डोंगराचा पाय कापलाय का? कापलेली माती खालच्या अंगाला नुसती लोटून दिली आहे का? फार्महाऊससाठी, प्लॉटिंगसाठी सपाटी केली आहे का? पाण्याचा जुना मार्ग बुजवलाय का? आंबेगाव-जुन्नरकडे पडकईची जुनी रीत आहे: एकमेकांच्या मदतीने उतार फोडून, दगडी बांध घालून भातखाचरं करायची. माळीणनंतर या रीतीकडे बोट दाखवलं गेलं. माझं म्हणणं असं की हाताने रचलेला, पाणी पाझरू देणारा दगडी बांध आणि यंत्राने एका आठवड्यात ओरबाडलेला डोंगर यांना एकाच मापाने मोजू नये. तरीही वस्तीच्या थेट डोक्यावरच्या तीव्र उतारावर पाणी तुंबवणारं काहीही नको. समतल चरसुद्धा तिथे नको. चर पाणी जिरवतो. पाणलोटाच्या कामात ते हवं असतं, घराच्या डोक्यावर नको असतं. तिथे हवी ती पाणी गोळा करून वस्तीच्या बाजूने ओढ्यात नेणारी, उतार दिलेली चर, आणि ती दर मे महिन्यात साफ केलेली.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने देशातल्या डोंगराळ भागांचे दरडप्रवणता नकाशे केले आहेत आणि ते भूकोश या संकेतस्थळावर पाहता येतात. २०२४ मध्ये याच संस्थेचं राष्ट्रीय भूस्खलन अंदाज केंद्र कोलकात्यात सुरू झालं. नकाशात आपलं गाव कुठल्या रंगात आहे ते एकदा बघून घ्या, पण नकाशा मोठ्या परिसराचा, ढोबळ असतो. त्यात तुमच्या गोठ्यामागची भेग दिसणार नाही.

चौथी पायरी: रेघा आखा

हवामान विभागाच्या भाषेत २४ तासांत ६४.५ मिमीपासून मुसळधार, ११५.६ पासून अतिमुसळधार आणि २०४.५ पासून पुढे अत्यंत मुसळधार. महसूल खात्याची अतिवृष्टी ६५ मिमीला होते, ती पिकाच्या नुकसानभरपाईसाठी. या शब्दांचा दरडीशी थेट संबंध नाही. इशारा बघताना "पुणे" आणि "पुणे घाट" वेगळे दिले आहेत का ते बघा, आपल्याला घाटाचा हवा.

मामांच्या वाडीने दोन रेघा ठरवल्या. या त्यांच्या आहेत, सरकारी नाहीत.

पहिली रेघ: २४ तासांत १०० किंवा तीन दिवसांत २००. ती ओलांडली की सावध. भेगा, झरे, ओढा दिवसातून दोनदा बघायचे, पिशवी भरून ठेवायची, म्हाताऱ्या माणसांना कल्पना द्यायची.

दुसरी रेघ: २४ तासांत २००, किंवा तीन दिवसांत ३५०, किंवा पोटातला आकडा ३०० च्या वर असताना पुढच्या २४ तासांसाठी घाटाला लाल इशारा. ती ओलांडली की त्या रात्री ओढ्याच्या तोंडाशी असलेल्या सात घरांनी तिथे झोपायचं नाही.

तुमचं गाव ताम्हिणीसारख्या धो धो पावसाच्या पट्ट्यात असेल तर पहिली रेघ वारंवार ओलांडली जाईल. तिथे दोन-तीन हंगामांच्या वहीवरून ती वर सरकवता येईल. पूर्वेकडे, जिथे वर्षाला हजार मिमीच्या आसपास पाऊस पडतो, तिथे ती खालीच हवी. एका गोष्टीचा मोह टाळा: यंदा साडेतीनशे पडून काही झालं नाही, म्हणून पुढच्या वर्षी रेघ साडेचारशेवर नेऊ नका. उतार तोच राहत नाही. जपानमध्ये मोठा भूकंप झाला की त्या भागातल्या पावसाच्या इशारारेषा खाली आणतात, कारण जमीन खिळखिळी झालेली असते. आपल्याकडे वरच्या अंगाला नवा रस्ता कापला गेला, वणवा लागून झाडोरा जळाला किंवा नवी भेग दिसली, तर जुनी वही निकामी समजा आणि रेघ खाली आणा.

पाचवी पायरी: डोंगर काय दाखवतो

काही खुणा अशा आहेत की त्या दिसल्या तर आकडा बघायचा नाही.

उताराच्या वरच्या अंगाला चंद्रकोरीसारखी भेग. नसलेल्या जागी नवा झरा फुटणं. नेहमीच्या झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ होणं, किंवा भर पावसात तो झरा आटणं. विजेचे खांब, कुंपण, झाडं एका बाजूला कलणं. दारं-खिडक्या अचानक अडकायला लागणं, जमिनीला आणि भिंतीला तिरके तडे जाणं. दगड गडगडण्याचा किंवा जमिनीतून घुमण्याचा आवाज. आणि सगळ्यात फसवी खूण: पाऊस कोसळतोय आणि ओढ्याचं पाणी मात्र उतरलंय. लोकांना हायसं वाटतं. प्रत्यक्षात वर कुठेतरी मातीने ओढा अडलेला असतो, आणि ते अडलेलं पाणी फुटून खाली येतं तेव्हा ते पाणी नसतं, चिखल आणि दगड असतात. असं दिसलं की एक क्षणही ओढ्याकाठी थांबायचं नाही.

जुनी भेग असेल तर तिच्या दोन्ही अंगांना एकेक लोखंडी खुंटी ठोका आणि दोन खुंट्यांमधलं अंतर टेपने मोजून वहीत लिहा. जायचं ते दोघांनी, दिवसाउजेडी, पावसाच्या उघडिपीत. अंतर रोज एक-दोन मिलिमीटर वाढत असेल तर तहसील कार्यालयाला लेखी कळवा. काल दोन, आज पाच, संध्याकाळी बारा असं वाढत असेल तर वस्ती रिकामी करा, कळवणं वाटेत करा. भेग पावसाळ्याआधी चिकणमातीने ठासून भरावी आणि वरच्या अंगाचं पाणी तिच्यापासून वळवावं. ताडपत्री टाकली तर तिच्या कडेचं पाणी परत भेगेतच जात नाही ना, हे बघावं.

सहावी पायरी: निघणं

इर्शाळवाडी रात्री गेली, माणसं झोपेत होती. म्हणून आमचा एकच नियम आहे: निर्णय दुपारी चारला. चारच्या मोजणीत दुसरी रेघ ओलांडलेली असेल, किंवा ओलांडली जाईल असं दिसत असेल, तर दिवेलागणीच्या आत हलायचं. अंधारात, पावसात, निसरड्या वाटेने म्हाताऱ्यांना घेऊन जाणं हाच वेगळा धोका आहे.

जायचं कुठे हे मे महिन्यात ठरलेलं हवं. ओढ्याच्या दिशेने खाली पळायचं नाही. आडवं जायचं, नाळेपासून दूर, सोंडेच्या किंवा टेकाडाच्या बाजूला. शाळा किंवा देऊळ निवारा म्हणून ठरवण्याआधी त्याच्या अंगणात उभं राहून कोन मोजा. पुष्कळदा शाळाच डोंगराच्या पायथ्याशी असते.

माणसं का निघत नाहीत, याचं उत्तर गोठ्यात असतं. "गुरं कुणी बघायची?" हा प्रश्न बिनमहत्त्वाचा समजून चालणार नाही, कारण ज्याच्या घरी दोन दुभत्या म्हशी आहेत त्याचं वर्ष त्यांच्यावर चालतं. मामांच्या वाडीने टेकाडावर एक साधी पत्र्याची शेड उभी केली आणि तिथे पेंढ्याच्या गंजीचा थोडा भाग आधीच नेऊन ठेवला. त्यानंतर निघायला नको म्हणणारे कमी झाले. वेळ अगदीच नसेल तर दावी कापून गुरं मोकळी सोडा.

पिशवीत रेशनकार्ड, आधार, जमिनीचे कागद प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, चालू औषधं, बॅटरी, भरलेली पॉवर बँक, तान्ह्या मुलांचं सामान. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७, तातडीची मदत ११२, रुग्णवाहिका १०८. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी तुकडी तळेगावजवळ सुदुंबरे इथे आहे, पण घाटातले रस्ते बंद असताना तिलाही पोचायला तास लागतात. पहिले ते तास शेजाऱ्यांचेच.

शहरातल्या टेकड्या आणि घाटरस्ते

पुणे शहरात डोंगराएवढाच धोका भिंतींचा आहे. जून २०१९ च्या अखेरीस कोंढव्यात सोसायटीची भिंत मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली आणि १५ जण गेले. तो घाटासारखा पाऊस नव्हता. भिंतीमागे माती भरलेली असेल आणि पाणी निघायला छिद्रं नसतील, किंवा ती बुजली असतील, तर साठ-सत्तर मिमीही पुरतो. कात्रज, धनकवडी, वारजे, बावधन भागात टेकडी कापून बांधलेल्या सोसायट्यांनी मे महिन्यात ही छिद्रं उघडी आहेत का ते बघावं. भर पावसात ती कोरडी दिसली तर पाणी आत कोंडतंय. आणि अशा भिंतीला लागून मजुरांचे पत्र्याचे निवारे उभारू देऊ नयेत.

सिंहगड, ताम्हिणी, वरंध, माळशेजला जाणाऱ्यांसाठी थोडक्यात: सलग तीन दिवस जोराचा पाऊस झाल्यावरचा पहिला उघडा रविवार सगळ्यात वाईट. ऊन पडलेलं असतं, गर्दी असते आणि दगड सैल झालेले असतात. कापलेल्या कड्याखाली गाडी लावून भजी खाऊ नका.

परतण्याची वेळ

पाऊस थांबला की लगेच घरी जावंसं वाटतं, लावणी अर्धी राहिलेली असते. उथळ मातीचे लोंढे बहुतेक जोराच्या पावसातच येतात, पण खोलवरच्या दरडी पाऊस ओसरल्यावर एक-दोन दिवसांनीही सरकतात, कारण सांध्यापर्यंत पाणी पोचायलाच वेळ लागतो. आमच्या वाडीत परतण्याच्या तीन अटी आहेत: सलग दोन दिवस २५ मिमीच्या आत पाऊस, खुंट्यांमधलं अंतर २४ तासांत जराही न वाढलेलं, आणि ओढ्याचं पाणी नितळ होत चाललेलं. तिन्ही एकदम लागतात. शेतावर दिवसा जायला हरकत नाही, मुक्काम मात्र टेकाडावर.

गेल्या हंगामात वाडी दोनदा हलली. दोन्ही वेळा दरड आली नाही. दुसऱ्यांदा परतताना एका काकांनी मामांना विचारलं, "फुकटचीच वारी झाली ना?" मामांनी वही उघडून त्यांना त्या दिवसाची ओळ दाखवली: २४ तास १८७, तीन दिवस ३९१, पोटात ४२६, वरच्या भेगेचं अंतर तीन मिलिमीटरने वाढलेलं. काकांनी ती ओळ दोनदा वाचली आणि पेंढ्याची उरलेली गंज शेडमध्येच राहू द्या म्हणाले.